वगळलेला नमुना

समुद्राचा मोसम कायद्याने सुरू होतो, हे मला नागपुरात कोणी सांगितले नव्हते. आमच्याकडे उन्हाळा सुरू होतो तो कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला की. त्यासाठी राजपत्रात काही छापावे लागत नाही. इथे, ब्रिटनच्या उत्तर किनाऱ्यावर, पोहण्याचा मोसम नियमावलीत लिहिलेला असतो. अमुक दिवशी तो उघडतो, तमुक दिवशी मिटतो. त्या दोन दिवसांच्या दरम्यान समुद्राचे पाणी सरकारी खर्चाने तपासले जाते आणि प्रत्येक किनाऱ्याला वर्ग मिळतो: उत्कृष्ट, चांगला, पुरेसा, निकृष्ट. उरलेले महिने समुद्र आपापला असतो.

काल तो मोसम पुन्हा उघडला. मी आता राहते त्या गावात सकाळी ट्रॅक्टर येऊन वाळूवरचे कुजके शेवाळ ओढून नेत होता. शेवाळाचा आंबूस वास, ट्रॅक्टरच्या डिझेलचा वास, कोपऱ्यावरच्या दुकानातून येणारा चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास, असे तिन्ही एकदम नाकात शिरले आणि माझे पाय मांडीपर्यंत गार पडले. मी कोरड्या पदपथावर, लोकरी मोजे घालून उभी होते. आठवण मेंदूत साठते, असे आम्हाला शिकवले आहे. ते खरेच असणार. पण तिच्या काही प्रती कातडीतही ठेवलेल्या असाव्यात.

त्या एका मोसमात मी सत्तावीस वर्षांची होते आणि महत्त्वाकांक्षी होते. हा शब्द आमच्याकडे मुलींबद्दल वापरताना आवाज थोडा खाली करतात, म्हणून तो मुद्दाम लिहिते. सूक्ष्मजीवशास्त्रातली डॉक्टरेट मी लंडनमध्ये, हॅरोच्या एका भाड्याच्या खोलीत राहून मिळवली होती. त्यानंतर उत्तरेतल्या प्रादेशिक सरकारात एका वर्षाची नेमणूक मिळाली: अर्धा आठवडा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, अर्धा आठवडा पर्यावरणमंत्र्यांच्या कार्यालयात. वर्षअखेरीस तीच जागा कायम होणार होती, आणि माझा व्हिसा त्या जागेला बांधलेला होता. हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे घडले ते सारे याच खुंटीला टांगलेले आहे.

नागपूरहून आई दर रविवारी विचारायची, "काय करून राहिली तू तिकडे?"

"समुद्राचं पाणी तपासते."

"अन् कसं आहे?"

"खराब आहे."

"हे सांगायला एवढं शिकली का तू?"

मी हसायचे, पण प्रश्न चुकीचा नव्हता. पाणी खराब आहे हे नाकालाही कळते. किती खराब, कोणत्या दिवशी, कोणी पाहिले आणि कोणासमोर सांगितले, यासाठी शिकावे लागते. यातला शेवटचा अर्धा भाग मला विद्यापीठाने शिकवलेला नव्हता. तो शिकवला त्या मंत्र्यांनी.

एस्तेर त्यांचे नाव. मुंबईच्या बेने इस्रायली ज्यू घरात जन्म, दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर लंडन, पुढे लग्नाने उत्तरेत. वीस वर्षे फौजदारी वकिली केल्यावर निवडणूक लढवली आणि दुसऱ्याच खेपेस मंत्रिमंडळात आल्या. पहिल्या दिवशी माझ्या फाईलवरचे नाव वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"केतकी! म्हणजे केवडा. माझी आजी अंबाड्यात माळायची."

"तुम्हाला मराठी येतं?"

"मी दहा वर्षांची असताना मुंबई सोडलं. माझी मराठी पण दहा वर्षांचीच आहे, पुढे वाढलीच नाही. लिसन, ऑफिसात सगळ्यांसमोर मिनिस्टर म्हणायचं. मराठीत काय वाटेल ते म्हण."

मी एस्तेरताई म्हणू लागले. त्यांच्या मराठीत नारळ, मासे, रागावणे आणि लाड करणे यांसाठी भरपूर शब्द होते. अर्थसंकल्प, धोरण, विधेयक यांसाठी एकही नव्हता. त्यामुळे त्या मला राज्यकारभार समजावत तो घरगुती भाषेत. एखादा सहकारी मंत्री 'रुसून बसलाय' असे, किंवा एखादे विधेयक 'शिजलं नाही अजून' असे. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी त्यांचा फोन टेबलाच्या खणात जाई आणि शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत बाहेर येत नसे. पंतप्रधानांचा फोन आला तरी? असे मी एकदा विचारले.

"आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे," त्या म्हणाल्या. "शनिवारी घाणा बंद. बैलाला पण सुट्टी. मी काय बैलापेक्षा वाईट आहे?"

त्यांची काम करण्याची रीत वकिलाची होती. कागद त्या शेवटच्या पानापासून वाचत. माझ्या पहिल्याच टिपणावर त्यांनी पेन्सिलीने गोल काढला होता. मी लिहिले होते, 'जिवाणूंचे प्रमाण वाढल्याचे आढळून आले.' समासात त्यांचा प्रश्न होता, इंग्रजीत, आणि मग तोंडी मराठीत: "कुणाला आढळलं? भिंतीला?" आम्हा शास्त्रज्ञांना वाक्यातून माणूस काढून टाकायला शिकवलेले असते. निरीक्षण कोणीही केले तरी तेच यावे, म्हणून. त्यांच्या न्यायालयात माणूस नसलेल्या निरीक्षणाला किंमतच नव्हती. आम्ही दोघी या मुद्द्यावर वर्षभर भांडलो, आणि मला ते भांडण फार आवडे.

नमुना घेण्याचा विधी मला आजही पाठ आहे, जशी काहींना संध्या पाठ असते. रबरी विजार चढवून मांडीइतक्या पाण्यात जायचे. तळची वाळू ढवळली असेल तर ती खाली बसेपर्यंत थांबायचे. निर्जंतुक बाटली उघडून, तोंड खाली करून, कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि मग पाण्याखालीच तिचे तोंड येणाऱ्या लाटेकडे वळवायचे. भरली की झाकण, लेबल, बर्फाची पेटी. उत्तरेतले ते पाणी ऑगस्टमध्येही असे गार असते की पहिल्या मिनिटाला पाय दुखतात आणि पाचव्या मिनिटाला पाय आहेत हेच विसरायला होते. प्रयोगशाळेत तेच पाणी बारीक गाळणीतून ओढायचे, गाळणी पोषकाच्या बशीत ठेवायची, बशी उबेत. दुसऱ्या दिवशी बशी उघडली की निळे-हिरवे ठिपके उगवलेले असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे आदल्या दिवशी समुद्रात तरंगत असलेला, कोणाच्या तरी आतड्यातून आलेला एक जीव. मला ते ठिपके सुंदर वाटत. आईला हे कधी सांगितले नाही.

नियमावलीत एक कलम आहे आणि ते अन्यायाचे नाही. मोठा पाऊस झाला की नाले, शेते, सांडपाण्याच्या वाहिन्या, सगळे एकदम समुद्रात उतरते. एकदोन दिवस पाणी वाईट असते आणि मग निवळते. अशा दिवशी लोकांना आगाऊ इशारा दिला असेल, तर त्या दिवसाचा नमुना वर्गवारीच्या हिशेबातून वगळता येतो. तर्क सरळ आहे: लोकांना सांगितले होते, लोक पाण्यात उतरले नाहीत, तेव्हा त्या दिवसाने किनाऱ्याला शिक्षा होऊ नये. इशारा देण्यासाठी प्रत्येक किनाऱ्यावर विजेची पाटी असते. मुख्यालयातून संदेश निघतो आणि पाटीवर अक्षरे उमटतात.

एस्तेरताईंच्या मतदारसंघातल्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये असा एक पाऊस झाला. सकाळी नमुना घ्यायला मीच गेले होते. आभाळ उतरून पाण्याला टेकलेले, पाणी चहाच्या रंगाचे, लाटांवर पिवळसर फेस. दुसऱ्या दिवशी बशीत इतके ठिपके होते की ते एकमेकांना चिकटले होते. मोसम संपल्यावर मी तक्ता मांडला. इशाऱ्यांच्या रकान्यात त्या दिवसापुढे 'होय' असे होते. मी नमुना वगळला. किनारा 'पुरेसा' ठरला. सभागृहात विरोधी बाकावरून प्रश्न आला तेव्हा मंत्र्यांनी माझ्या टिपणावरून उत्तर दिले की हा किनारा दर्जाला उतरतो.

त्यानंतरच्या आठवड्यात, एका शुक्रवारी दुपारी, कार्यालयाच्या टपालात एका बाईंचे पत्र आले. जीन नावाच्या, सत्तरीच्या, रोज पहाटे त्या किनाऱ्यावर मैत्रिणींबरोबर पोहणाऱ्या. पत्रात राग नव्हता. पाण्यात उतरण्याआधी त्या रोज पाटीचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवत. त्या ऑगस्टच्या सकाळचा फोटो त्यांनी जोडला होता. पाटी काळी होती. तिच्यावर एकही अक्षर नव्हते.

मी मुख्यालयाची नोंद पुन्हा उघडली. इशारा निघाला होता, हे खरे. तो पाटीपर्यंत पोहोचल्याची खूण वेगळ्या रकान्यात असते, आणि तो रकाना त्या दिवशी कोरा होता. पाटीची बॅटरी संपलेली होती. मी पहिला रकाना वाचला होता. दुसऱ्याकडे गेलेच नव्हते.

नमुना परत घातला आणि गणित केले. वर्गवारी सरासरीने होत नाही. वाईट दिवसांना तिथे अधिक वजन असते. किनारा 'निकृष्ट' झाला. मी पुन्हा केले. पुन्हा निकृष्ट. तिसऱ्यांदा केले. निकृष्टच.

एस्तेरताई निघून गेल्या होत्या. शुक्रवारची दुपार होती. मी त्यांचा राजकीय सल्लागार कॅलम याला सांगितले. तिशीतला, चपळ, वाईट नसलेला माणूस. त्याने सगळे शांतपणे ऐकले, दार लावले आणि म्हणाला, "नमुने कधीकधी खराब होतात, नाही का? बाटली नीट बंद होत नाही. पेटी उन्हात राहते."

"ही राहिली नव्हती."

"शंभर टक्के खात्री?"

"विज्ञानात शंभर टक्के नसतं."

"मग झालं तर!" तो खरोखर खूश झाला. "तेवढंच लिहून दे. 'नमुन्याच्या हाताळणीबाबत शंका.' म्हणजे नमुना बाद. किनारा आहे तिथेच राहतो, मंत्र्यांना शब्द मागे घ्यावा लागत नाही, तुझी कायमची जागा येत्या महिन्यात होते. कुणाचं काय बिघडलं?"

इथे मला प्रामाणिक राहिले पाहिजे. मी लगेच नाही म्हटले नाही. माझ्या डोक्यात जे यंत्र सतत चालू असते, त्याने प्रस्ताव तपासला. वाक्य खोटे नव्हते; शंका तर प्रत्येक नमुन्याबाबत असते. विज्ञानाचा जो नम्रपणा मी जपला होता, तोच कॅलम माझ्याकडे मागत होता, फक्त एका ठरावीक बाटलीपुरता. त्यात असे काही अश्लील होते की माझे कान तापले.

"बाटली मी भरली," मी म्हणाले. "तिच्यात काहीही खोट नव्हती. खोट माझ्या तक्त्यात आहे. बाटलीवर ढकलणार नाही."

"केतकी, ती बाटली आहे. तिला वाईट वाटणार नाही."

"मला वाटेल."

"सोमवारपर्यंत विचार कर," तो म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

शनिवारी एस्तेरताईंचा फोन खणात होता. मी त्या किनाऱ्यावर गेले. जीन पोहून आल्या होत्या, अंगावर जाडजूड टॉवेलचा झगा, हातात थर्मास, दात वाजत होते. मी कोण ते सांगितले. मला वाटले, त्या ओरडतील. त्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा दिला.

"मी कुणाला दोष देत नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "बॅटरी आहे, संपायचीच. पण त्या सकाळी आम्ही अकराजणी पाण्यात होतो. दोघी आठवडाभर अंथरुणावर. आणि मंत्रीणबाई सांगतात, किनारा ठीक आहे. म्हणजे तुमच्या हिशेबात तो दिवस झालाच नाही."

तो दिवस झालाच नाही. मी वगळला तेव्हा मला वाटले होते, मी एक ठिपक्यांची बशी वगळते आहे. अकरा बायका वगळल्या होत्या.

एस्तेरताईंना मी सारे लिहून पाठवले होते, कॅलमचे म्हणणेही. सूर्यास्तानंतर त्यांचा निरोप आला: उद्या सकाळी नऊ, माझ्या घरी, सगळे कागद. रविवारी एस्तेरताईंच्या स्वयंपाकघरात मी टेबलाच्या एका बाजूला बसले, त्या दुसऱ्या. शेगडीवर काही नव्हते. चहाही विचारला नाही. त्यांनी कागद शेवटच्या पानापासून वाचले आणि मग मान वर केली. समोर एस्तेरताई नव्हत्या; वीस वर्षे साक्षीदार सोलून काढलेली एक बाई होती.

"त्या सकाळी किनाऱ्यावर कोण गेलं होतं?"

"मी."

"आणखी?"

"कोणी नाही."

"बाटली उघडल्यापासून बुडवेपर्यंत किती वेळ?"

"दोन श्वासांइतका."

"हात?"

"नवे हातमोजे."

"बर्फ?"

"होता. प्रयोगशाळेत पोहोचला तेव्हाही वितळला नव्हता. तिथल्या नोंदवहीत तापमान लिहिलंय, दुसऱ्याच्या अक्षरात."

"कॅलम म्हणतो, नमुना खराब असू शकतो."

"कॅलम पाण्यात नव्हता."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला आणि पुन्हा सरळ झाला. प्रश्न तासभर चालले. तेच प्रश्न उलट्या क्रमाने, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. कुठेतरी माझे उत्तर हलते का, हे त्या बघत होत्या. हलले नाही. मला तर थोडा अभिमानही वाटू लागला होता, आणि नेमके तेव्हा त्यांनी विचारले,

"पाटी कुठे आहे?"

"पायऱ्यांच्या तोंडाशी. पाण्याकडे जायच्या वाटेवर."

"तू तिच्यासमोरून गेलीस?"

"हो. जाताना आणि येताना."

"काय होतं तिच्यावर?"

खिडकीबाहेर कोणीतरी गवत कापत होते. यंत्राचा आवाज मधेच थांबला.

"मी पाहिलं नाही."

"का?"

"माझं लक्ष बाटलीकडे होतं. लेबलवरची वेळ बरोबर आहे ना, ते बघत होते."

"दोनदा गेलीस आणि दोनदा पाहिलं नाहीस. आणि महिन्याभराने तक्त्यात 'होय' वाचून मान्य केलंस."

"हो."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माझे आजोबा मुंबईच्या कोर्टात बेलिफ होते. चाळीचाळीतून फिरायचे. माणूस दार उघडत नाही, तर नोटीस दारावर चिकटवायची आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, तेव्हा ती बजावली. साहेबाने सही करून नोटीस काढली, ठीक आहे. तोपर्यंत तो नुसता कागद आहे ग. काढली म्हणजे बजावली नाही. हे मला सात वर्षांची असताना माहीत होतं."

 विद्यापीठात मला यंत्रांच्या त्रुटी मोजायला शिकवले होते. कागद निघाला आणि माणसापर्यंत पोहोचला, यांच्या मधल्या अंतराला आमच्याकडे एकक नाही.

"नमुना टिकतो," एस्तेरताई म्हणाल्या. "तू पण टिकलीस, निम्मीच. आता चहा घे."

मंगळवारी त्या सभागृहात उभ्या राहिल्या. तिथली प्रथा अशी आहे की मंत्र्याच्या तोंडून चुकीची माहिती गेली तर ती दुरुस्त करावी लागते. कॅलमचे म्हणणे होते, पत्राने करा, कोणी वाचत नाही. त्यांनी उभे राहून केली. मी वरच्या सज्जात बसले होते. त्या म्हणाल्या की त्यांनी दिलेली माहिती चुकीची होती, किनारा निकृष्ट आहे, त्या दिवशी पोहणाऱ्यांना इशारा मिळाला नव्हता, आणि ही चूक सर्वस्वी त्यांची आहे. विरोधी बाकांवरून गलका झाला. एकजण ओरडला, "वकीलबाई, अशील कोण आहे?" त्या मान ताठ ठेवून उभ्या राहिल्या. पूर्ण गलका संपेपर्यंत बसल्या नाहीत.

सज्जातले सगळे त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होते. मी संतापले होते.

बाहेर दगडी मार्गिकेत मी त्यांना गाठले. "माझी चूक तुम्ही का घेतलीत?"

"कारण ती माझी आहे. मी मिनिस्टर आहे. खात्यात जे होतं ते मी केलं, असं धरतात. अधिकाऱ्याचं नाव घेत नाहीत. ही पद्धत आहे, आणि चांगली पद्धत आहे. तुझं नाव घेतलं असतं तर मी भित्री ठरले असते."

"आणि न घेतल्यामुळे मी ठरले."

"तुला वाचवलं मी, मुली!"

"मला वाचवून घ्यायचं नव्हतं. पाटी बघायची राहिली ती तुमची नाही. तुम्ही तिथे नव्हतात. तिथे मी होते. वर्षभर मला विचारत आलात, कुणी पाहिलं, कुणाला आढळलं. आणि आता जेव्हा 'कुणी पाहिलं नाही' हा प्रश्न आहे, तेव्हा नोंदीत माणूस नाही. फक्त मंत्री आहे."

त्या थांबल्या. आजूबाजूने लोक जात होते. दोघी सावळ्या बायका अनोळखी भाषेत भांडताहेत, याकडे सगळे सभ्यपणे दुर्लक्ष करत होते.

"नोकरी जाईल," त्या हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे."

"व्हिसा?"

"तेही."

लोकांना वाटते, हा त्याग असतो. नव्हता. मी नम्र मुलगी नाही. मला माझे नाव शोधनिबंधांवर हवे असते, पहिल्या क्रमांकावर, ठळक. मग जिथे चुकले तिथून ते नाव सन्मानाने गायब व्हावे, ही सोय मी कोणत्या तोंडाने घेऊ? श्रेय माझे आणि चूक खात्याची, हा हिशेब पुरुषांनी पुष्कळ वर्षे चालवला आहे. तो मला वारशात नको आहे. आणि अनामिक चुकीतून कोणीही काही शिकत नाही. ती पावसासारखी कोसळते आणि वाहून जाते. पुढच्या विश्लेषकाला कळले पाहिजे की दुसरा रकाना कोणी, का आणि कसा सोडला.

वर्गवारीची सारणी सरकारच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली असते. तिच्याखाली पद्धतीविषयीची टीप जोडता येते. त्या टिपांखाली नाव टाकायला कुठे बंदी नव्हती. कोणी टाकले नव्हते इतकेच. कॅलम म्हणाला, "असं कोणी करत नाही." मी म्हणाले, "माझ्या लक्षात आलंय ते."

पुढचे लवकर सांगते. कायम जागा अधिक अनुभवी उमेदवाराला मिळाली. व्हिसाची मुदत संपायच्या आत मला दुसऱ्या किनाऱ्यावर, एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत काम मिळाले. पगार कमी आहे, पाणी तेच आहे. एस्तेरताईंचे खाते पुढच्या फेरबदलात बदलले. त्या किनाऱ्यावर 'पोहू नये' असा फलक लागला, चहाच्या टपरीवाल्याने माझ्या नावाने बोटे मोडली, आणि जीनही फारशा खूश झाल्या नाहीत: "बरोबर केलंस ग, पण आता आम्ही कुठे पोहायचं?"  निकृष्ट ठरल्यावरच घाण येते कुठून याचा शोध सक्तीचा होतो, एवढे मी त्यांना सांगितले. शोध सुरू आहे. मुलाखतींना जाते तेव्हा समोरच्या माणसाने माझे नाव आधी शोधलेले असते आणि पहिली तीच टीप वर येते. त्याच्या चेहऱ्यावर ती दिसते. मी तो बोलण्याची वाट बघत नाही, आपणहून सांगते. काहींना आवडत नाही. नसेल आवडत.

ती टीप प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवशी मी तिचा मसुदा घेऊन एस्तेरताईंच्या खोलीत गेले होते. परवानगी मागायला नव्हे; त्यांना आधी कळावे म्हणून. मी तो तीन दिवस लिहिला होता. एक अख्खे पान होते. त्यांनी तो शेवटच्या ओळीपासून वर वाचत नेला आणि पेन्सिल उचलली. 'दुर्दैवाने' खोडले. 'अनवधानाने' खोडले. 'प्रतिकूल हवामानात काम करताना' यावर दोन रेघा मारल्या. माझ्या अनुभवाविषयीचे वाक्य, पाटीच्या बॅटरीविषयीचा परिच्छेद, शेवटची दिलगिरी, सगळे गेले. वीस वर्षे ज्या बाईने आरोपींसाठी अशीच वाक्ये रचली, तिला ती कुठे लपतात हे बरोबर ठाऊक होते.

कागद माझ्याकडे परत आला तेव्हा त्यावर दोन ओळी उरल्या होत्या. इशारा काढला गेला, पण किनाऱ्यावर दिसला नाही. मी त्या सकाळी पाटीसमोरून दोनदा गेले, ती पाहिली नाही, आणि नंतर तपासलीही नाही.

"यात काही उरलंच नाही," मी म्हणाले.

"उरलंय की. खाली तुझं नाव आहे." त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तेच हवं होतं ना तुला? अजून वेळ आहे, ते पण खोडू शकतेस."

मी पेन्सिल घेतली नाही. कागद घेतला, जागेवर आले आणि त्या दोन ओळी आहेत तशा सारणीखाली टंकल्या. खाली माझे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. एक अक्षरही न तोडता.